देवळाच्या ओवरीत कुरुंदकर गुरुजींचे स्मरण
(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



कळस चढला आहे, पंगत अजून बसावयाची आहे. अशा वेळी लांबण लावणाऱ्या वक्त्याला कोणतेही गाव माफ करीत नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्या भागातील एखाद्या थोर शिक्षकाविषयी बोलावे अशी समितीची सूचना होती. मी कै. नरहर कुरुंदकर गुरुजींचे नाव सांगितले, तेव्हा एकदोघे चपापले. ते तर देव न मानणारे; त्यांचे नाव देवळात कशाला? शंका रास्त आहे. तिचे उत्तर पुढे येईलच.

गुरुजींचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे झाला. ते गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत आहे. आडनाव वसमतजवळच्या कुरुंद्याचे. म्हणजे माणूस अगदी आपल्याच मातीतला. तो काळ निजामाच्या राज्याचा. दरबार उर्दूचा, कचेरी उर्दूची, वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दूच. भोकरच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही भाषा एकाच पालाखाली नांदतात, याचे आपल्याला काही वाटत नाही. पण घरात मराठी बोलणाऱ्या पोराला परक्या भाषेत गणित आणि इतिहास घोकावा लागे, हे आजच्या मुलांना सांगूनही पटणार नाही. गुरुजींना हैदराबादेत मामांचा आधार मिळाला. डॉ. नारायणराव नांदापूरकर हे मराठीचे नामांकित अभ्यासक. ग्रंथांची गोडी त्या घरात लागली. मुक्तिसंग्राम पेटला तेव्हा गुरुजी शाळकरी वयाचे होते, तरी ते त्यात ओढले गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, त्या वेळी ते अवघे सोळा वर्षांचे होते.

आता एक गोष्ट इथे बसलेल्या पोरांनी कान देऊन ऐकावी. हा पुढे प्राचार्य झालेला विद्वान माणूस परीक्षांत वारंवार नापास झाला. इंटर काही केल्या साधेना. वाचन अफाट, पण नेमलेले पुस्तक सोडून बाकी सारे वाचलेले! घरी नापासाचा कागद आला म्हणून पोराला ओसरीवर उभे करणाऱ्या बापांनीही हे लक्षात घ्यावे. मात्र नापास होणे हाच मोठेपणा, असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. गुरुजींनी पुढे पदव्या घेतल्याच, आणि त्या नोकरी व संसार सांभाळून घेतल्या.

नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले. १९६३ साली पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक म्हणून गेले. हे कॉलेज १९५० साली निघाले, त्यामागे स्वामी रामानंद तीर्थांची प्रेरणा होती. त्याआधी आपल्याकडच्या मुलाने कॉलेजात जायचे म्हणजे गाव सोडून हैदराबादची वाट धरायची, आणि शेतकऱ्याच्या मुलाला ते कुठून परवडावे? पुढे गुरुजी त्याच कॉलेजाचे प्राचार्य झाले. तरीही लोक त्यांना गुरुजीच म्हणत राहिले. मला विचाराल तर ही पदवी विद्यापीठाच्या पदवीपेक्षा अवघड. ती मागून मिळत नाही.

त्यांची शाळा घंटा झाली म्हणून सुटत नसे. राष्ट्र सेवा दलाचे अभ्यासवर्ग, गावोगावच्या व्याख्यानमाला, मित्रांच्या बैठका, सगळीकडे ते शिकवीतच असत. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची दीर्घ प्रस्तावना आहे. शिवाजी महाराजांकडे नुसत्या जयजयकाराने न पाहता राज्य चालविणारा माणूस म्हणून कसे पाहावे, हे ती वाचल्यावर कळते. 'जागर', 'शिवरात्र', 'धार आणि काठ' हे ग्रंथ नांदेडसारख्या आडबाजूच्या गावी बसून लिहिलेले आहेत. पुण्या-मुंबईच्या पंडितांना नांदेडकडे वळून पाहावे लागले, ते या माणसामुळे.

आता मघाची शंका. गुरुजी देव मानीत नव्हते, हे खरेच. पण महाभारत त्यांच्याइतके बारकाईने वाचणारे आपल्यात किती निघतील? भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, संतवाङ्मय, सारे त्यांनी मन लावून अभ्यासिले. पटले नाही तिथे कडक बोलले, मनुस्मृतीविषयी तर फारच कडक. मात्र न वाचता बोलले नाहीत. आपण पोथीला हळदकुंकू वाहतो आणि फडक्यात बांधून फळीवर ठेवतो. देवळात त्यांचे नाव घ्यावयाला मला तरी संकोच वाटत नाही.

त्यांच्या संसाराविषयी सभेत फारसे कोणी बोलत नाही. मास्तरकीच्या पगारात घर चालवायचे, त्यात ग्रंथांचा सोस, आणि व्याख्यानांसाठी घरधन्याचा पाय सदा एस.टी.च्या पायरीवर. असा प्रपंच निभावतो तो घरच्या बाईच्या जिवावर. प्रभावतीबाईंनी तो निभावला. पुरुषाच्या नावाची पाटी लागते, चुलीपुढे बसलेलीची लागत नाही. आपल्या देणगीदारांच्या यादीतही तसेच झाले आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. ज्या बायांनी धान्य विकून वर्गणी दिली, त्यांची नावे निदान पुढच्या पानावर यावीत.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी त्या वेळच्या औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांना हृदयविकाराने मृत्यू आला. वय पुरते पन्नासही नव्हते. घरावर तर आभाळच कोसळले असेल. नंतर मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी विखुरलेले लेख व भाषणे गोळा करून पुस्तके काढली, म्हणून ते आज आपल्या हाती आहेत. शिष्यांनी गुरूचे ऋण असे फेडल्याची उदाहरणे थोडी.

आता माझी एक मागणी, आणि मी खाली बसतो. जीर्णोद्धारात उत्तरेकडची ओवरी नवी झाली आहे. फरशी चांगली आहे, वाराही येतो. सप्ताह संपला की तिला कुलूप लागेल आणि आत सतरंज्या व कढया पडतील. तसे होऊ नये. ज्यांच्या घरी एकच खोली आहे आणि त्यात दूरदर्शन संचही चालू आहे, अशी पोरे गावात पुष्कळ आहेत. दिवेलागणीपासून रात्री नऊपर्यंत ती ओवरी त्यांना अभ्यासाला द्यावी. मुलींसाठी एक बाजू राखावी. आरतीच्या वेळी पोरे उठून उभी राहतील, त्याची काळजी पुजारीबोवांनी करू नये. दोन दिवे, पाण्याचा एक माठ आणि एक कपाट एवढाच खर्च आहे. कपाटात गुरुजींची पुस्तके मी आणून ठेवतो. किल्ली कोणाकडे राहावी, एवढे समितीने आज पंगत बसण्यापूर्वी ठरवावे.