एकजीव होणे



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात बहुवारिकांवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ‘मिश्रणीयता’ हा जड पारिभाषिक शब्द मला रुचत नाही. स्वयंपाकघरातील ‘एकजीव’ त्याहून नेमका आहे.

पाक साखरू नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो. आम्लाने काही साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. ती पाकात एकजीव राहतात आणि स्फटिक धरू देत नाहीत.

ऊस-मक्याची साखर आंबवून दुग्धाम्ल मिळते, दह्यात असते तेच. त्याच्या लांब साखळ्या म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल. जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. हा पदार्थ ठिसूळ, म्हणून पिशव्यांसाठी त्यात पीबीएटी नावाचे लवचीक बहुवारिक घालतात. दोन्ही मिसळतात, पण एकजीव होत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली एकाचे थेंब दुसऱ्यात निराळे दिसतात.

शिवाय वितळलेला पदार्थ किती सावकाश निवतो, यावर त्यात स्फटिक किती धरतात हे अवलंबून असते. स्फटिकांच्या घट्ट रचनेत पाणी सहज शिरत नाही. विस्कळीत भाग आधी कुजतो. त्यासाठीही सुमारे ५८ अंशांची ऊब लागते. ती मोठ्या खतप्रकल्पात मिळते. सौंसरच्या संत्राबागेतील मातीत पॉलिलॅक्टिक आम्ल फार रेंगाळते. तेव्हा ‘जैवविघटनशील’ असे छापलेले आच्छादन झाडाखाली अंथरण्यापूर्वी बागाईतदाराने विक्रेत्याला विचारावे: कोणत्या मिश्रणाचे, किती तापमानाला आणि किती महिन्यांत कुजणारे?