तेलकट डोकं आणि आमचा मिठाचा प्रयोग

तेलकट केसांसाठी डोक्याला चोळायची पूड करून विकायची, असं आमच्या बचत गटात ठरलं होतं. जाडं मीठ आणि शिकेकाईची भरड. चोळताना त्यात लिंबू पिळायचं. पण आधी आपल्याच डोक्यावर करून बघू म्हटलं.

पहिल्यांदा केस अगदी हलके झाले. आम्ही खूश! मग आठवड्यात तीनदा चोळलं. दोघींच्या डोक्याची आग व्हायला लागली, एकीला पुरळ आलं.

उपकेंद्रातल्या सिस्टरांनी समजावलं. तेल येतं ते केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून. चोळून वरची मेलेली कातडी निघते, ग्रंथी काही बंद होत नाहीत. जाड्या मिठाने कातडी खरचटते आणि त्यावर लिंबू झोंबतं.

आता आम्ही शिकेकाई-रिठा रात्री भिजवतो, सकाळी उकळून फडक्याने गाळतो. डोळे मिटून, बोटांच्या टोकांनी हलकं चोळतो, नखं लावत नाही. भरपूर पाण्याने धुतो. तेल लावलंच तर केसांच्या टोकांना, मुळाशी नाही. कोंडा वाढवणारी बुरशी तेलावरच पोसते. खाज, जखम, चट्टे असतील तर काहीही चोळू नका, दवाखान्यात दाखवा.

पूड विकायचं आम्ही रद्द केलं. सामानाचे पैसे गेले, त्याची हळहळ वाटते. पण शेजारणीच्या डोक्याची आग करून आलेला पैसा आम्हाला पचला नसता.