अर्धा तास मुलाचा
(हीरकमहोत्सवानिमित्त मेटगळ्ळी, म्हैसूर येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना म्हैसुरात स्थायिक झालेले आपण माजी विद्यार्थी आज मेटगळ्ळीत एकत्र आलो आहोत. हा कृतज्ञतेचा दिवस आहे. परंतु मी आरंभ एका कबुलीने करणार आहे. शाळेने मला जे खेळू देऊन शिकवले, तेच मी माझ्या मुलाला त्याचा खेळ थांबवून शिकवू पाहत होते.

गोष्ट दिवाळीतली. मुलगा सहा वर्षांचा. रात्रपाळी संपवून येताना त्याच्या वडिलांनी किल्ल्यासाठी दोन पोती माती आणली. कानडी मुलुखात वाढणाऱ्या आपल्या मुलाला महाराष्ट्र कळावा, या तळमळीने आम्ही दोघे कामाला लागलो. बुरूज कोठे, तट कसा, मावळ्यांची वाट कोणती, हे सारे आम्हीच ठरवीत होतो. मुलाला मात्र किल्ल्याच्या माथ्यावर बसथांबा हवा होता. ‘किल्ल्यावर बस नसते,’ मी म्हटले. ‘बस बरुत्ते, अम्मा,’ तो म्हणाला. ‘‘बस येते’ म्हण, आणि ‘आई’ म्हण,’ मी सुधारले. थोड्या वेळाने तो हात धुऊन आत निघून गेला. किल्ला सुरेख झाला, शेजारी पाहावयास आले. ज्याच्यासाठी तो केला, तो मात्र चार दिवस तिकडे फिरकला नाही.

त्या किल्ल्याने मला खेळोपचाराच्या अभ्यासाकडे वळवले. मोठी माणसे मन मोकळे करतात ती शब्दांनी. लहान मुलाजवळ तेवढे शब्द नसतात. त्याचे बोलणे खेळातून होते. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी 1947 साली या विषयावरील आपल्या ग्रंथात उपचारकासाठी आठ तत्त्वे मांडली. त्यांचा गाभा असा, की मूल जसे आहे तसे स्वीकारावे, वाट त्याने दाखवावी आणि आपण मागून चालावे. 1964 साली बर्नार्ड गर्नी यांनी पुढचे पाऊल मांडले. उपचारकाने मुलाशी खेळण्याऐवजी आईवडिलांनाच ही रीत शिकवावी, कारण मुलाला नाते हवे असते ते आईवडिलांशी. गॅरी लँड्रेथ यांनी पुढे तिला पालकांच्या दहा बैठकांचे आटोपशीर रूप दिले.

ही दृष्टी आपल्याला अगदीच परकी नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला, आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. गुरे राखणाऱ्या मुलांकडे शाळाच कुरणावर गेली. मुलाने आपल्याकडे येण्याची वाट न पाहता आपण मुलाकडे जावे, हाच तो धडा आहे.

आता प्रत्यक्ष कृती सांगते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी अर्धा तास काढावा. पाळी बदलत असेल तर सुटीचा दिवस धरावा. एका पेटीत बाहुल्या, भातुकली, प्राणी, गाड्या, ठोकळे, माती, रंग एवढे पुरे. भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. काय खेळायचे ते मुलाने ठरवावे. आपण प्रश्न विचारू नयेत, शिकवू नये, चूक काढू नये. जे दिसते ते बोलावे : ‘तू गाडी पुलाखालून नेलीस’, ‘वाघाला फार राग आलेला दिसतो’. आपले लक्ष आहे, एवढे मुलाला कळले की पुरे.

याचा अर्थ मोकाट सोडणे असा नाही. मूल ठोकळा फेकून मारू लागले तर तीन पायऱ्यांनी जावे. आधी भावना ओळखावी : ‘तुला माझा राग आला आहे.’ मग मर्यादा सांगावी : ‘मी मारण्यासाठी नाही.’ आणि शेवटी वाट दाखवावी : ‘त्या उशीला मार.’ आवाज चढवण्याचे कारण पडत नाही.

आपल्यासारख्या परमुलुखातील पालकांना या अर्ध्या तासात सर्वांत कठीण जाते ते भाषेबाबत गप्प बसणे. अंगणात कन्नड, शाळेत इंग्रजी, म्हणून घरातले प्रत्येक वाक्य आपण मराठीच्या तराजूत तोलतो. हळूहळू मराठी ही मुलासाठी चुका काढण्याची भाषा होऊन बसते. मूल अपेक्षित वयात बोलतच नसेल, तर विलंब न करता येथील मानसगंगोत्रीतील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत दाखवावे. तो विषय वेगळा. परंतु तीन भाषा मिसळून बोलणारे मूल आजारी नसते.

आमच्या खेळाच्या चौथ्या की पाचव्या आठवड्यात मुलगा म्हणाला, ‘तू मुलगा हो, मी आई होतो.’ मी मुलगा झाले. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मी उच्चारलेल्या प्रत्येक वाक्याला म्हणू लागला, ‘असं नाही, नीट म्हण.’ मी माझाच आवाज ऐकत होते. त्या दिवशी मी काही बोलले नाही. नियमच तसा होता. खेळ संपताना ‘मुलाला’ जवळ घेऊन तो म्हणाला, ‘बरं, आता नाही ओरडणार.’ हे त्याने मराठीतच म्हटले, आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे.

चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. गृहपाठावरून आजही खटके उडतात. परंतु पुढच्या दिवाळीत किल्ला त्याने केला आणि माती आम्ही कालवली. तट वाकडा झाला, माथ्यावर बसथांबा उभा राहिला, आणि मावळे रांगेत उभे राहून बसची वाट पाहत होते. चार दिवस तो किल्ल्यापाशीच होता.

मुलांनी आपली भाषा जपावी असे आपणा सर्वांना वाटते. जिथे आपले ऐकले जाते, तिथली भाषा मूल आपणहून जपते. आपल्या बाईंनी आणि गुरुजींनी आपले ऐकले, म्हणून तर आज आपण येथे मराठीत बोलत आहोत. तो वारसा आपण या आठवड्यापासून अर्ध्या तासाने पुढे न्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.