थंडीतील त्वचेची निगा



मार्गशीर्ष-पौषात चाकणच्या माळावर कोरडा वारा सुटला, की मुलांचे ओठ व गाल उलतात, टाचांना भेगा पडतात. अंगावरचा तो पांढुरकेपणा मळ नव्हे. कोरड्या हवेने त्वचेतील ओलावा शोषून घेतल्याची ती खूण होय. म्हणून अशा मुलास अस्वच्छ ठरवून वर्गासमोर उभे करू नये. साबणाने घासल्यास त्वचेचे नैसर्गिक तेल जाऊन ती अधिकच फुटते. स्नानास कोमट पाणी, साबण बेताचा, अंग ओलसर असतानाच खोबरेल आणि भेगांना कोकमतेल, हे पालकांस, कारखान्यांतील कामासाठी परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांसही, समजावून सांगावे. मात्र बोटांच्या बेचक्यांत पुरळ व रात्री खाज असल्यास खरजेचा संभव असतो. तेव्हा मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडावे.