आधी छर्रा, मग रायफल

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं आणि आमच्या भाचीने हट्ट धरला, 'मामू, मला तशीच रायफल हवी!' मी म्हटलं, 'बेटा, आधी गोळीचा हिशेब करू.'

ती रायफल पॉइंट टू-टूची. तिला शस्त्रपरवाना लागतो. काडतुसं किती घ्यायची, याची मर्यादाही परवान्यावर असते. मोठ्या स्पर्धांत वापरली जाणारी काडतुसं परदेशातून येतात. ती यायला उशीर झाला, की सराव थांबला.

म्हणून सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलने करावी. तिला ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा लागतो. डबीत साधारण ५०० छर्रे असतात. रोज १०० झाडले, तर डबी पाच दिवसांत रिकामी. म्हणजे महिन्याला सहा डब्या. दूध-किराण्यासारखाच हा खर्च दरमहा येणार.

दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि प्रत्येक नळीला प्रत्येक छर्रा मानवतोच असं नाही. तेव्हा काही महिने क्लबच्या रायफलवर शिकावं. कोणता छर्रा वर्षभर मिळतो, ते दुकानदाराला विचारावं. तोच छर्रा लावून रायफल पारखावी. सरावानंतर हात मात्र साबणाने धुवावेत; शिसं पोटात जाऊ नये.

रायफल एकदाच घ्यायची असते, छर्रे कायमच लागतात. ते परवडेनात म्हणून पोर घरी बसली, तर भारी रायफल काय कामाची?