बोलणे परत मिळवताना



अपघातात माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली. वस्तू ओळखू यायची, तिचे नाव मात्र ओठांवर येत नसे. पण आईबरोबर भजन म्हणताना शब्द न अडखळता यायचे. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम मुख्यतः डावा भाग करतो; गाण्यात उजव्या भागाचाही मोठा वाटा असतो. १९७३ साली बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी सुरांच्या आधाराने बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली.

पाठ असलेले म्हणणे वेगळे आणि आपले रचणे वेगळे. मी ओव्या रचू लागले. दिवसाकाठी एखादीच ओळ जुळे. विठ्ठलाशी बोलले, भांडलेही. देवाने बरे केले असे मी म्हणत नाही. पण माझे वाक्य पुरे होईपर्यंत थांबणारा तो एकच होता. घरी आणि दवाखान्यात विचारत, ‘स्वयंपाक जमतो का?’

बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्यांनी गाणी रचली. अक्षर नसले तरी बाईजवळ सांगण्यासारखे असते.

आपल्या केंद्रात मारहाण झालेल्या बायका येतात. कुणी तारखा विसरते, कुणी बोलताना घोटाळते; मग तिची जबानी खोटी ठरवली जाते. डोक्याला मार लागला होता का, हे आपण आवर्जून विचारू या. तपासणी करवून घेऊ या. आणि बोलता येत नसेल, पण गुणगुणता येत असेल, तर तिला गाऊ द्या. घाई करू नका.