शोएब अख्तरला शिव्या कोण देत होतं?



मी क्रिकेटचा जाणकार नाही. इंजिनियरिंग करून सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलेला, तिशी ओलांडलेला माणूस आहे. पण विषय असा दिलात की नाही म्हणवलं नाही.

आपल्या पेण-वडखळच्या पट्ट्यात भात कापून झालं की शेतात पिच तयार व्हायचं. माझ्या शाळेच्या वयात प्रत्येक गावात एक तरी पोरगा असायचा, जो बांधापासून धावत येऊन टेनिस बॉल टाकायचा. आडनाव पाटील असो, म्हात्रे असो, त्याला हाक एकच, 'शोएब'. त्याला त्याचा अभिमानही वाटायचा. आणि हीच पोरं भारत-पाकिस्तान सामन्याला टीव्हीसमोर बसली की त्याच शोएबला अशा शिव्या द्यायची की घरातल्या बायकांनी आवाज बंद करायला सांगावं. नक्कल करण्याइतका आवडता आणि शिव्या देण्याइतका नावडता. मला यात काही गैर वाटत नाही. समोरच्या टीमच्या फास्ट बॉलरवर राग नसेल तर सामना बघायचा कशाला?

राग यावा अशी कारणंही त्याने भरपूर दिली होती. 1999 च्या डिसेंबरात त्याच्या ॲक्शनवर आयसीसीने बंदी घातली. तो फेकतो, हे आपल्या नाक्यावरच्या प्रत्येकाचं ठाम मत होतं. पुढे तपासणीत दिसलं की त्याचा कोपर जन्मतःच उलट्या बाजूला जास्त वाकतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फेकल्यासारखं दिसतं. मी मोजमापावर विश्वास ठेवणाऱ्या धंद्यातला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. 2006 मध्ये तो उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडला, दोन वर्षांची बंदी आली, ती अपिलात उठली. 2007 मध्ये त्याने आपल्याच संघातल्या मोहम्मद आसिफला ड्रेसिंग रूममध्ये बॅट मारली. अशा माणसावर टीका झालीच पाहिजे. 1 मार्च 2003 ला सेंच्युरियनला सचिनने त्याला थर्डमॅनवरून सिक्स मारला आणि त्याच्या पहिल्या ओव्हरमध्ये 18 रन निघाले, तेव्हा जो आनंद झाला तो निखळ होता. त्यात कुणाचा धर्म नव्हता. त्या सामन्यात सचिनला 98 वर बाद करणाराही शोएबच, हे मात्र आपण सांगताना गाळतो.

मग अडचण कुठे आहे? दोन प्रसंग शेजारी ठेवतो.

फेब्रुवारी 1999, कोलकात्याचं ईडन गार्डन्स. शोएबने लागोपाठ दोन चेंडूंवर द्रविड आणि सचिनचा त्रिफळा उडवला. दुसऱ्या डावात सचिन धाव घेताना शोएबला धडकला आणि रनआऊट झाला. मैदानात बाटल्या आल्या. शेवटच्या दिवशी पोलिसांना स्टँड रिकामे करावे लागले आणि पाकिस्तानने 46 रननी जिंकलेली ती कसोटी जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये संपली.

मे 2008, तेच ईडन गार्डन्स. तोच शोएब, आता कोलकात्याच्या जर्सीत. दिल्लीविरुद्ध 11 रनमध्ये 4 विकेट. सेहवाग गेला, गंभीर गेला आणि स्टेडियम शोएबच्या नावाने दणाणलं. कोपर तोच, रनअप तोच, स्वभावही तोच. तेव्हा तर त्याच्याच बोर्डाने त्याच्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती आणि ती तात्पुरती उठवून तो खेळत होता. बदलला होता फक्त शर्ट. त्याच मोसमाची फायनल आपल्या जवळ, नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर झाली. शेवटच्या चेंडूवर विजयी धाव काढणारा आणि मोसमात सर्वाधिक 22 विकेट घेणारा सोहेल तन्वीर पाकिस्तानचा होता.

पुढे नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि तो अध्याय संपला. त्या जखमेबद्दल मला कुणी शिकवू नये, मलाही कुणाला शिकवायचं नाही. पण वानखेडेची खेळपट्टी उखडली गेली ती 1991 मध्ये, त्या हल्ल्याच्या 17 वर्षं आधी. आणि 2015 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या वनडेला शोएब आणि वसीम अक्रम कॉमेंट्रीलाही येऊ शकले नाहीत. तेव्हा शोएबच्या हातात चेंडू नव्हता, माइक होता.

आता मुद्द्यावर येतो. शोएबला शिव्या देणं सगळ्यांना सारखं परवडतं. त्याच्या चांगल्या चेंडूला 'वा' म्हणणं सारखं परवडत नाही. पाटलांच्या पोराने म्हटलं तर तो क्रिकेटमधला दर्दी. मुल्लांच्या पोराने म्हटलं तर खोलीत एकदम शांतता, आणि मग कुणीतरी हसत विचारतं, 'काय रे, तू कुणाच्या बाजूने?' विचारणारा बहुतेक वेळा मित्रच असतो आणि त्याच्या मनात काही नसतं. पण मुलगा ते लक्षात ठेवतो. पुढच्या सामन्याला तो जास्त मोठ्याने शिव्या देतो. त्या शिव्या शोएबसाठी नसतात, खोलीसाठी असतात. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगतो. त्याच खोलीला चिडवायचं म्हणून आपल्याकडचा एखादा मुलगा पाकिस्तानच्या विकेटवर फटाका लावतो, तेव्हा तोही क्रिकेट बघत नसतो.

ही परीक्षा समोरच्या संघापाशी थांबत नाही. 24 ऑक्टोबर 2021 ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा विकेटनी हरला. अकराच्या अकरा हरले, पण सोशल मीडियावर गद्दार ठरला एकटा मोहम्मद शमी. विराट कोहलीने पत्रकार परिषदेत स्वच्छ शब्दांत त्याची बाजू घेतली, हे त्याचं मोठेपण. दोन वर्षांनी, 15 नोव्हेंबर 2023 ला, वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये शमीने वानखेडेवर न्यूझीलंडच्या 57 रनमध्ये 7 विकेट काढल्या. सगळं स्टेडियम त्याचं झालं. मीही नाचलो. पण त्याच डावात त्याच्या हातून विल्यमसनचा सोपा झेल सुटला होता. विल्यमसन आणि मिचेल टिकले असते तर त्या रात्री त्या झेलाबद्दल काय लिहिलं गेलं असतं, ते मोबाइल हातात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्याच बॉलरला आपला ठरायला सात विकेट लागाव्यात?

थंडीत आता पुन्हा टुर्नामेंट सुरू होतील. एक विनंती माइक धरणाऱ्यांना. मी काही गावांत ऐकलंय, मुस्लिम वस्तीची टीम उतरली की कॉमेंट्रीत 'आले, पाकिस्तानवाले आले' म्हणतात. लोक हसतात, टीमही हसते. ते बंद करा. बॉलर कोण, कुठल्या आळीचा, किती ओव्हर झाल्या, तेवढं सांगा. नो-बॉल असेल तर नो-बॉल म्हणा, फेकत असेल तर अंपायरला बघू द्या.

आणि चेपॉकची कसोटी सापडली तर पोरांना दाखवा. 31 जानेवारी 1999, ईडनच्या गोंधळाच्या तीनच आठवडे आधी. सचिनने पाठ दुखत असताना 136 काढले, सकलेनने त्याला बाद केलं, भारत 12 रननी हरला. चेन्नईचे लोक थोडा वेळ गप्प बसले. मग उभे राहिले आणि पाकिस्तानच्या संघाने टाळ्यांच्या गजरात मैदानाला फेरी मारली.